इजिप्तच्या वाळूतले दख्खनी दर्यावर्दी

नाईलच्या पश्चिम काठावर मेदिनेत हाबू नावाचे एक भव्य देऊळ आहे. रामसेस तिसरा या फॅरोने ते इसवी सनापूर्वीच्या बाराव्या शतकात उभारले आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवर एक समुद्री लढाई कोरून घेतली. आपल्या राज्याच्या आठव्या वर्षी परक्या टोळ्या चालून आल्या, वाटेतले एकही राज्य त्यांच्यापुढे टिकले नाही, आपण मात्र त्यांना नाईलच्या मुखाशी गाठून बुडवले, असे तो लेख सांगतो. पेलेसेत, त्जेकर, शेकेलेश, देन्येन, वेशेश ही त्या टोळ्यांची नावे. आजचे इतिहासकार त्यांना मिळून ‘समुद्री लोक’ म्हणतात आणि ते मुळात कुठले यावर अजून वाद घालतात. हा वाद मिटत नाही, कारण त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी जिंकणाऱ्या राजांनी लिहिले. त्यांनी स्वतःबद्दल काय म्हटले असते ते कळायला मार्ग नाही. इजिप्तच्या भूमीने आणखीही काही दर्यावर्दींची नोंद जपली आहे. ते रामसेसनंतर हजार ते चौदाशे वर्षांनी आले, लढायला नाही तर व्यापाराला. त्यांच्यासाठी कोणी भिंती कोरल्या नाहीत, पण खापराच्या तुकड्यावर, देवळाच्या दगडावर त्यांची नावे राहिली, आणि त्यांतली काही त्यांनी आपल्या हाताने, ब्राह्मी अक्षरांत लिहिली. हे लोक आपल्या किनाऱ्यावरचे होते. या तुटपुंज्या नोंदी एकत्र ठेवून वाचल्या, तर सातवाहन काळातल्या सागरी व्यापाराचे आपल्या मनात बसलेले चित्र बदलावे लागते, असे माझे म्हणणे आहे.

ते चित्र असे आहे: यवन, म्हणजे ग्रीक-रोमन जगातले व्यापारी गलबते घेऊन आले, कल्याण-सोपाऱ्याला उतरले, घाट चढून वर आले, सोन्याचांदीची नाणी आणि दारूचे रांजण देऊन कापड, मिरी, अकीक घेऊन गेले. आपण माल पिकवला, विकला आणि काठावर उभे राहिलो. या चित्राला पुरावा भरपूर आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेल्या खांबांवर त्यांचे लेख आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांनी पाण्याची टाकी आणि भोजनगृह दिल्याची नोंद आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली, आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे आपल्याकडे अनेक ठिकाणी मिळाली आहेत. पण या साऱ्या पुराव्यात एक ठळक उणीव आहे. आपल्या मातीत जे सापडते ते बाहेरून आत आलेले असते. जो बाहेर गेला त्याच्या खुणा इथे कशा सापडतील? ज्याने गाव सोडले त्याचा माग तो जिथे पोचला तिथेच काढावा लागतो, आणि आपण बराच काळ तो तिथे काढला नाही.

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरसारख्या गावातून पाहिले तर हा विषय लांबचा वाटणे स्वाभाविक आहे. इथले मुळामुठेचे पाणी भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जाते, म्हणजे ते कोकणाकडे पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागराची वाट धरते. तरीही दख्खनचा समुद्री व्यापार या पठारावरच सुरू होत होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ ही वाटाड्याची वही लिहिली. तिच्यात पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, ही दोन मोठी पेठांची गावे नोंदली आहेत. पैठणहून अकीक येतो, तगरहून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल येते, आणि हा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेतात, असे तो सांगतो. तेरहून कोकणच्या बंदरांकडे उतरणारा बोरघाट गाठायचा तर भीमा-मुळामुठेचे खोरे ही सरळ वाट आहे, आणि घाटाच्या तोंडाशी कार्ले-भाजे-बेडसे लेणी कोरली गेली यात नवल नाही.

या वहीतून यवन जहाजांची वाहतूक शिकवली जाते, पण तिच्यातच स्थानिक दर्यावर्दींविषयी लिहिलेल्या ओळी आपण पुरेशा गांभीर्याने वाचत नाही. आफ्रिकेच्या शिंगावरच्या बंदरांविषयी सांगताना लेखक म्हणतो की अरिआके आणि भडोचकडून तिथे नेहमी गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड आणि उसाचा गोड पदार्थ जहाजांनी येतो. अरिआके म्हणजे उत्तर कोकण आणि त्याला लागून असलेला गुजरातचा भाग. तूप आणि तांदूळ हा चैनीचा माल नाही. तो ठरलेल्या फेऱ्यांचा, नेहमीच्या गिऱ्हाइकांचा माल आहे. सोकोत्रा बेटावर अरब, भारतीय आणि काही ग्रीक व्यापारासाठी येऊन राहिले आहेत, हेही तोच लिहितो. भडोचच्या खाडीत शिरणे धोक्याचे, म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी आपल्या लांब बोटी घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात आणि परदेशी जहाजांना उथळ वाळूतून ओढत, ठरावीक ठिकाणी थांबवत बंदरात आणतात, हे वर्णन तर फार मोलाचे आहे. भरती-ओहोटीचे गणित, तळाचा गाळ, प्रवाहाचा जोर हे ज्ञान त्या कोळ्यांकडे होते. यवन नाखव्याला त्यांच्या हाती सुकाणू सोपवावे लागे. सोकोत्राच्या होक गुहेत भारतीय दर्यावर्दींच्या नावांचा मोठा साठा मिळाला. अंधाऱ्या गुहेत आत खोलवर, दुसऱ्या ते पाचव्या शतकादरम्यान येऊन गेलेल्या माणसांनी ब्राह्मीत आपली नावे लिहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींनी आपले गाव भडोच असल्याचे सांगितले आहे.

सोकोत्रा अर्ध्या वाटेवर आहे. खुद्द इजिप्तचे काय? तांबड्या समुद्राच्या काठावर रोमन काळात दोन बंदरे महत्त्वाची होती: उत्तरेला मायोस होर्मोस, आजचे कुसेर अल-कदीम, आणि दक्षिणेला बेरेनिके. मायोस होर्मोसच्या उत्खननात एक लिहिलेले खापर मिळाले. त्यावर प्राकृतात हालक, विण्हुदत, नाकद अशी तीन नावे आणि त्यांच्यासोबत तेल, मांस अशा खाण्याच्या जिनसा नोंदल्या आहेत. एखाद्या मुकादमाने शिधावाटपाचा हिशेब ठेवावा तसे ते टिपण आहे. या खापराचे महत्त्व त्याच्या क्षुद्रपणात आहे. राजाला दाखवायचे असते, देवाला सांगायचे असते, तेव्हा माणूस परक्या लिपीतही लिहून घेतो. पण रोजच्या शिध्याचा हिशेब तो आपल्या लिपीत लिहितो, आणि तो वाचणारी आणखी माणसे आजूबाजूला असतात. ‘विण्हुदत’ हे नाव आपल्याला परके नाही. नाशिकच्या लेण्यातल्या गौतमीपुत्र सातकर्णीच्या आज्ञापत्रात गोवर्धनचा अमात्य विण्हुपालित आहे. नावाची घडण तीच.

बेरेनिकेच्या वाटेवर, एल-कनाइस इथल्या देवळात, सोफोन नावाच्या एका भारतीयाने प्रवास सुखरूप झाल्याबद्दल पॅन या देवाचे आभार ग्रीक भाषेत कोरून ठेवले आहेत. प्रत्यक्ष बेरेनिकेत, इसिस देवतेच्या मंदिरात, एक लेख मिळाला. रोमन सम्राट फिलिप द अरब याच्या कारकिर्दीत, म्हणजे इसवी सन २४४ ते २४९ या काळात, वसुल नावाच्या एका क्षत्रियाने तो लिहवून घेतला. लेख संस्कृतात आहे आणि त्याला ग्रीकची जोड आहे. त्याच मंदिराच्या परिसरात २०२२ मध्ये संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली, जी ७१ सेंटिमीटर उंच आहे. तिचा दगड भूमध्य समुद्राकडचा आहे, म्हणजे ती इथून नेलेली नाही; इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणी बौद्धाने ती तिकडच्या कारागिराकडून घडवून घेतली असावी. आणि याच उत्खननातून सातवाहनांची दोन नाणी मिळाल्याचे इजिप्तच्या पुरातत्त्व मंत्रालयाने जाहीर केले. मला स्वतःला मूर्तीपेक्षा ही नाणी अधिक बोलकी वाटतात. रोमन सोन्याचे नाणे कुठेही चालते, कारण त्यात सोने असते. सातवाहनांची नाणी बहुतेक शिशाची, तांब्याची किंवा पोटीन या मिश्रधातूची. दख्खनच्या बाजाराबाहेर त्यांना किंमत नाही. असे नाणे कोणी माल म्हणून समुद्रापार नेत नाही. ते कनवटीला राहून जाते.

इथे कोणी म्हणेल की दोन नाणी, एक खापर आणि दोन-तीन लेख यांवर एवढी इमारत कशी उभी राहणार. आक्षेप योग्य आहे. एवढेच असते तर मीही गप्प बसलो असतो. पण या नावांना स्वयंपाकघराची साथ आहे. बेरेनिकेत भारतीय बनावटीच्या मोठ्या रांजणात साडेसात किलो मिरी मिळाली, ती सोडून द्या. मिरी हा व्यापाराचा माल होता. पण तिथे तांदूळ, मूग आणि नारळही मिळाले, आणि भारतीय घडणीची साधी स्वयंपाकाची मडकीही. काळी पडलेली, रोजच्या वापराची मडकी परदेशी बाजारात विकायला कोणी नेत नाही. ती ज्याला आपल्या पद्धतीने शिजवून खायचे आहे तो नेतो. आणि तिथे राहून शिजवण्याची गरज का पडे, याचे उत्तर वाऱ्यात आहे. इजिप्तची जहाजे जुलैत निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत आणि वादळी दिवस सरल्यावर सप्टेंबरच्या सुमारास आपल्या किनाऱ्याला लागत. आपल्या कोळीवाड्यांतही होड्या नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात जातात, ते याच कारणाने. उलट दिशेने, कोकणातून निघालेल्या गलबताला नोव्हेंबर-डिसेंबरचा ईशान्य वारा धरावा लागे. तो वारा तांबड्या समुद्राच्या तोंडापर्यंत साथ देतो. पुढे उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याविरुद्ध झगडत बेरेनिके गाठायचे, आणि घरी परतण्याचा वारा सुरू होईपर्यंत काही महिने तिथेच काढायचे. इतके दिवस माणसांना खायला लागते, देवपूजेला जागा लागते. मूग, मडकी आणि मंदिरातला संस्कृत लेख हे सारे या सक्तीच्या मुक्कामाशी जुळते.

जहाजांचाही पुरावा आहे, पण तो सरळ नाही, आणि तो ओढूनताणून आपल्या बाजूने वळवू नये. बेरेनिकेच्या घरांच्या बांधकामात सागवानाचे वासे पुन्हापुन्हा मिळतात. साग इजिप्तमध्ये उगवत नाही. मोडीत काढलेल्या जहाजांच्या फळ्या इमारतीला वापरल्या असाव्यात. दोन्ही बंदरांत शिडाच्या कापडाचे तुकडेही मिळाले आणि ते जवळून पाहण्यासारखे आहेत. कापूस आहे, ताग किंवा अंबाडी नाही. सूत कातताना धाग्याला एका दिशेने पीळ बसतो. इजिप्तमधल्या जुन्या परंपरेत तो एका दिशेचा असतो, भारतातल्या सुताचा त्याच्या उलट. या शिडांचा पीळ भारतीय आहे, आणि त्यांना मजबुती आणायला शिवलेल्या पट्ट्याही त्याच सुताच्या. म्हणजे शीड आपल्याकडे विणले गेले, हे ठरते. पण शीड चढवण्याची पद्धत, दोर ओवण्याच्या कड्या, फळ्या जोडण्याची खुंट्यांची रीत ही भूमध्य समुद्राकडची दिसते. मग ही जहाजे कोणाची? इजिप्तची जहाजे आपल्या किनाऱ्यावर येऊन सागवानाने डागडुजी करून घेत, नवे शीड घेत, असाही अर्थ निघतो, आणि मला तो बराचसा पटतो. पण मग एवढे तरी मान्य करावे लागते की भडोच, सोपारा, कल्याण, चौल इथे समुद्र ओलांडणाऱ्या जहाजांची दुरुस्ती करणारे सुतार, शीड विणणारे कोष्टी आणि दोर वळणारे लोक होते. असे कसब असलेला समाज स्वतः फक्त खाडीत होडी वल्हवत बसला, हे संभवत नाही.

आणखी एक जुनी कथा या संदर्भात नेहमी निघते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, आठव्या टॉलेमीच्या काळात, तांबड्या समुद्राच्या पहाऱ्यावरच्या शिपायांना एका जहाजात एकटा, अर्धमेला भारतीय सापडला. वाट चुकल्याने त्याचे साथीदार उपासमारीने मेले होते. राजाने त्याला ग्रीक शिकवायला लावले आणि मग त्याने युडोक्सस नावाच्या ग्रीकाला भारताची वाट दाखवली. पोसिडोनियस या ग्रीक लेखकाने लिहिलेली ही कथा भूगोलकार स्ट्राबोने उतरवली, पण तिच्यावर अविश्वासही दाखवला. म्हणून तिच्यावर मी भिस्त ठेवत नाही. तरी तिचा रोख विसरता येत नाही: ग्रीकांच्या स्वतःच्या परंपरेतच, वाऱ्याची वाट आपल्याला एका भारतीयाने दाखवली अशी आठवण होती. पेरिप्लसने हे श्रेय हिप्पालस नावाच्या ग्रीक नाखव्याला दिले आहे. ज्या किनाऱ्यावर वर्षाचे सगळे कामकाज मोसमी वाऱ्यावर चालते, तिथल्या माणसांना तो वारा परक्याने येऊन शिकवला, यापेक्षा उलटे घडले असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

सर्वात जड आक्षेप पैशाचा आहे. व्हिएन्नात जपलेल्या एका पपायरसवर, दुसऱ्या शतकातल्या, केरळातल्या मुझिरिसहून निघालेल्या ‘हर्मापोलोन’ या जहाजाच्या मालाचा हिशेब आहे. त्याची किंमत रोमन नाण्यांत जवळपास ७० लाख सेस्टर्स भरते, आणि कर्ज देणारे-घेणारे सारे इजिप्तमधले. स्ट्राबो सांगतो की त्याच्या काळात एकट्या मायोस होर्मोसहून वर्षाला १२० जहाजे भारताकडे जात. मोठे भांडवल आणि मोठी जहाजे अलेक्झांड्रियाच्या हाती होती, हे मान्यच केले पाहिजे. पेरिप्लसही म्हणतो की पूर्वी भारताकडून निघालेली जहाजे इजिप्तपर्यंत जायला धजत नसत आणि इजिप्तची जहाजे पुढे जायला धजत नसत, म्हणून दोघे एडनला भेटत. पण हे वाक्य नीट वाचले तर त्यात संकोच दोन्ही बाजूंचा आहे, आणि तो लेखकाच्या दृष्टीनेही मागच्या काळाचा आहे. माझा दावा भांडवलावर नाही, माणसांवर आहे. नफा कोणाच्या तिजोरीत गेला आणि समुद्रावर हात कोणाचे राबले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ही माणसे महाराष्ट्राचीच, असे मात्र म्हणता येणार नाही. मायोस होर्मोसच्या खापरांवर तमिळ-ब्राह्मीतही कणन, चातन ही नावे आहेत. होक गुहेत भडोचकर जास्त आहेत. प्राकृत तर सौराष्ट्रापासून आंध्रापर्यंत लिहिली जात होती. त्या काळी आजच्या राज्यांच्या सीमा नव्हत्या, आणि एका जहाजावर सोपाऱ्याचा तांडेल, भडोचचा व्यापारी आणि मलबारचा खलाशी सोबत असणे अगदी शक्य आहे. आपला वाटा त्यात होता, एवढे सातवाहन नाण्यांवरून आणि नावांवरून ठामपणे म्हणता येते. तो किती होता, हे ठरवण्याचा हट्ट नको.

समुद्रगमन निषिद्ध होते, मग हे लोक गेले कसे, असाही प्रश्न विचारला जातो. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास पातकांत मोजला आहे, हे खरे. पण त्याच ग्रंथात उत्तरेकडच्या लोकांच्या रूढींमध्येही तो नोंदला आहे, म्हणजे लोक जात होते म्हणूनच निषेध करावा लागला. शिवाय कोकणच्या बंदरांतले अनेक दाते बौद्ध होते. कान्हेरीत कल्याण, सोपारा, चौलच्या रहिवाशांनी दाने दिली. पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात सोपाऱ्याच्या पूर्ण या व्यापाऱ्याची कथा रंगवली गेली. तिच्यात वादळात सापडलेले जहाज आहे, त्याला तीन डोलकाठ्या, मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही आणि पाण्याचे रांजण. चितारणाऱ्याने जहाज ऐकीव माहितीवर काढलेले नाही. आणि बेरेनिकेतला वसुल आपल्याला क्षत्रिय म्हणवतो, परक्या देशात, परक्या देवीच्या मंदिरात, निःसंकोच.

आपल्या किनाऱ्यावर या लोकांच्या वस्तू का उरल्या नाहीत, हे उघड आहे. वाळवंटात कापूस दोन हजार वर्षे टिकतो. कोकणच्या पावसात काही वर्षांत कुजतो. खाड्या गाळाने भरल्या, आणि जुन्या बंदरांवर आज दाट वस्ती आहे. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणला, पण भोवतालचे प्राचीन बंदर आता नालासोपाऱ्याच्या इमारतींखाली आहे. कल्याणची तीच गत. चौलला डेक्कन कॉलेजने काम केले आहे आणि तिथे मोकळी जागा अजून आहे. शिवाय पुरावा शोधायला फक्त खणणेच हाती आहे असे नाही. मडक्याच्या मातीत कोणते खनिजकण आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, आणि दख्खनच्या बेसाल्टवरून आलेली माती केरळच्या किंवा तमिळ मुलखातल्या मातीहून वेगळी ओळखू येते. बेरेनिके आणि मायोस होर्मोसच्या त्या स्वयंपाकाच्या मडक्यांचे तुकडे चौल, जुन्नर, तेर इथल्या खापरांशेजारी ठेवून कणाकणाने ताडून पाहिले, तर त्यांतली कोणती इथल्या कुंभारांच्या चाकावरची आहेत हे सांगता येईल.